बिननाड्यांचे बूट

“नाड्या काढा, पोरांनो, नाड्या! बुटाच्या म्हणतोय, विजारीच्या राहू द्या!”

मॉसगेटच्या फुटबॉल मैदानाबाहेर उभा राहणाऱ्या त्या जाड्या हवालदाराचा आवाज मला अजून ऐकू येतो. दर वर्षी तोच विनोद, आणि दर वर्षी तो स्वतःच त्यावर हसायचा. त्याच्याशेजारी डांबराचं रिकामं पिंप असे. आम्ही हार्ल्बीचे चार-पाचशे जण एका पायावर लंगडत बुटांतून नाड्या ओढून काढायचो आणि त्या पिंपात टाकायचो. मग फाटकातून आत. पोलिसांचं म्हणणं सरळ होतं. नाडी नसलेल्या बुटाने लाथ मारता येत नाही, मारली तर बूटच उडून जातो. नाडी नसलेल्या बुटाने पळताही येत नाही, याचा विचार त्यांनी केला नसावा. किंवा केलाही असेल.

हार्ल्बी आणि मॉसगेट यांच्यात सात मैल, एक डोंगर आणि आगगाडीचा एक बोगदा. आमच्याकडे कापडाच्या गिरण्या होत्या, त्यांच्याकडे कोळशाच्या खाणी. त्यांचा कोळसा आमच्या भट्ट्यांत जळायचा, आमचं कापड त्यांच्या पाठीवर असायचं, आणि वर्षातले दोन शनिवार आम्ही एकमेकांचे दात पाडायचो. का, असं कोणी विचारलं नाही. बापाने शिकवलं, बापाला त्याच्या बापाने. गाणंही तसंच चालत आलेलं:

मॉसगेटच्या पोरांनो, घरी जा घरी,
आई वाट बघते, उभी राहून दारी.

तेही हेच गात, फक्त गावाचं नाव बदलून.

नाड्यांवर आमच्यातल्या जुन्या लोकांनी तोड काढली होती. बुटाच्या तळच्या दोन भोकांतून काळी सुतळी ओवून आत गाठ मारायची. वरची नाडी पिंपात गेली की हवालदार खूश, आणि सुतळी विजारीखाली दिसत नसे. मारायला येणारे सुतळी बांधून येत. पळायचं ठरवून येणारेही. मी त्या दुसऱ्यांतला. माझं वय तेव्हा वीस.

व्हर्नन माझा मेहुणा. माझी मोठी बहीण बेरिल, तिचा नवरा. गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. उंच, शांत, हाताचे पंजे फावड्याएवढे. एकोणीसशे सत्त्याहत्तरच्या मार्चमधला तो शनिवार. बेरिलला सातवा महिना होता. मी त्याला बोलवायला गेलो, तेव्हा दोघं स्वयंपाकघरात होती. तिने त्याचा पंजा आपल्या पोटावर दाबून धरला होता.

“बोल. मारामारीत पडणार नाही.”

“नाही पडणार.”

“कोणी शिवी दिली तरी?”

“तरी.”

“कोणी तोंडावर थुंकलं तरी?”

“पुसून टाकीन.”

“पोराच्या डोक्यावर हात ठेवून बोलतोयस, लक्षात ठेव.”

“डोकं कुठलं? मला तर ढुंगण लागतंय,” व्हर्नन म्हणाला. बेरिल हसली. पण त्याने हात काढला नाही. हात तसाच ठेवून, या वेळी न हसता, तो पुन्हा म्हणाला, “शब्द देतो.”

गाडीत मी खिशातून सुतळीचा तुकडा काढून त्याला दिला. त्याने तो परत माझ्या हातात ठेवला.

“मला कशाला? मी मारणार नाही आणि पळणारही नाही. पोलिसांच्या मधोमध चालायचं, गाडीत बसायचं, बेरिलच्या हातचं जेवायचं. तू बांध. तुला पळायची सवय आहे.”

डब्यातले सगळे हसले. मीही हसलो.

आम्ही तीन-शून्यने हरलो. हरलेल्या पाहुण्यांना एरवी पोलीस पंधरा मिनिटं आत कोंडून ठेवत आणि बाहेरचा रस्ता मोकळा झाला की सोडत. त्या दिवशी पाऊस धो धो पडत होता. पोलिसांनाही घरी जायचं असेल. शिट्टी वाजताच फाटकं उघडली.

स्टेशनाकडे जाताना चामड्याच्या कारखान्यामागची एक लांब गल्ली लागते. आम्ही तिच्या मध्यावर असताना मॉसगेटची पोरं कालव्याच्या बाजूने आत शिरली. आधी आवाज आला, मग विटा. पुढचे पळाले, मागचे पळाले. मी पळालो. माझे बूट पायाला घट्ट होते. मागे व्हर्ननचा आवाज आला.

“नेव्ह!”

मी वळून पाहिलं. तीसेक पावलांवर तो पालथा पडला होता. एका पायात बूट, दुसऱ्या पायात नुसता ओला मोजा. तो उठायच्या बेतात होता, आणि त्याच्यामागून दहा-बारा जण येत होते. त्यांच्यातल्या एकाची आणि माझी नजरही भिडली. बस, एवढंच. मी पुन्हा तोंड फिरवलं आणि स्टेशन येईपर्यंत थांबलो नाही.

व्हर्नन नऊ दिवस बेशुद्ध होता. कवटीला तडा गेला होता. पहिल्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बेरिलने मला विचारलं, “तो एकटा कसा राहिला? तुम्ही सगळे कुठे होतात?”

मला जे सुचलं ते मी बोललो. “त्याने आम्हाला पळा म्हणून सांगितलं. तो थांबला, बेरिल. गल्लीच्या मध्ये उभा राहिला, म्हणून आम्ही वाचलो.”

खरं सांगतो, मला वाटलं तिला बरं वाटेल. नवरा मरणार असेल तर निदान शूर म्हणून मरू दे. त्यात माझंही झाकलं जात होतं, हे काय सांगायला हवं? तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “थांबला?” आणि पोटावर हात ठेवून भिंतीकडे बघत बसली.

व्हर्नन शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या डोक्यातून गाडीनंतरचा तो आख्खा दिवस पुसून गेला होता. सकाळचं स्वयंपाकघर आठवायचं, गाडीत बसलेलं आठवायचं, पुढे काही नाही. पुढचं मी सांगितलेलं. तोवर ते पबमध्ये पोचलं होतं, आणि पुढच्या शनिवारी आमच्या मैदानाच्या पायऱ्यांवर पाच हजार माणसं गात होती:

आला लोंढा मॉसगेटचा, पळाली गल्ली,
एकटा उभा व्हर्नन, भिंत नाही हलली.

अजूनही गातात. ज्यांचे बाप तेव्हा जन्मले नव्हते अशी पोरं गातात. गावात त्याला ‘भिंत’ म्हणतात. त्याच्या ग्लासाचे पैसे त्याला कधी द्यावे लागले नाहीत.

मे महिन्यात लोर्ना जन्मली. व्हर्ननला फिट यायच्या. यंत्रांवरचं काम गेलं, फाटकावर राखणदाराची नोकरी मिळाली. बेरिलने दोन वर्षं त्याचं सगळं केलं. त्याला भरवलं, उचललं, फिट आली की जीभ वळणार नाही ते बघितलं. तिने त्याला कशाबद्दलही बोल लावला नाही. मग एका संध्याकाळी ती त्याला आणायला पबमध्ये गेली, आणि दारातून तिला दिसलं की व्हर्नन स्वतःच तो किस्सा सांगतोय. हात फैलावून, गल्ली किती रुंद होती ते दाखवत.

आठवड्याभरात ती लोर्नाला घेऊन निघाली. मी अडवायला गेलो होतो.

“आजारपणाला मी भ्यायले नाही, नेव्ह. तो पडला असता, सापडला असता, तर जन्मभर धुतलं-पुसलं असतं त्याचं. पण तो थांबला. पोराच्या डोक्यावर हात ठेवून गेला, आणि तुम्हा चार टोणग्यांसाठी थांबला. वर त्याचा अभिमानही वाटतो त्याला.”

त्याच वेळी सांगायला हवं होतं. दारात तिची पेटी होती, लोर्ना माझ्या बुटाशी खेळत होती. एक वाक्य पुरलं असतं. मी पेटी उचलून टॅक्सीत ठेवून दिली.

त्यानंतर चाळीस वर्षं ती दोघं एकाच गावात तीन गल्ल्यांच्या अंतरावर राहिली. दोघांनीही दुसरं लग्न केलं नाही. बाजारात भेटली की मान हलवायची. लोर्नाच्या लग्नात एका ओळीत उभी राहिली, मध्ये मी. मी बस चालवत होतो, आणि माझ्या बसमध्ये तो चढायचा, तीही चढायची, पण कधी एका फेरीत नाही. दरवर्षी मी ठरवायचो की या नाताळात सांगायचं. वेळ जाईल तसं सांगणं जड होत गेलं. आता तर गावाचं गाणंच माझ्या खोट्यावर उभं होतं.

गेल्या वर्षी मॉसगेटचं मैदान विकलं गेलं. तिथे मोठं दुकान होणार होतं. त्यांच्या वाचनालयातल्या इमोजेन नावाच्या मुलीने ठरवलं की दोन्ही गावांतल्या म्हाताऱ्यांना बोलावून जुन्या मारामाऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या. आम्ही अकरा जण बसने गेलो. मॉसगेटला पोलिसांशिवाय मी पहिल्यांदाच उतरत होतो. त्यांचे नऊ जण आधीच येऊन बसले होते. एकजण काठी टेकत उठला.

“या या, हार्ल्बीकर. दात आणलेत का घरून? नाही, मागच्या वेळी इथेच राहिले होते.”

“तुमच्या गावात दिवे आले वाटतं,” आमच्यातला एकजण छताकडे बघत म्हणाला. “आमच्या वेळी नव्हते.”

“होते की. तुम्ही येणार म्हटलं की बायका काढून घरात ठेवायच्या.”

सगळे हसले, खुर्च्या ओढल्या गेल्या, चहा आला. मग आठवणी निघाल्या. कोणी कोणाला कालव्यात टाकलं, कोण चुकून स्वतःच्याच भावाला मारून बसला, कोणाच्या बायकोने पट्टी बांधता बांधता दुसरी जखम केली. म्हातारे खोकत होते, हसत होते, गुडघे चोळत होते. इमोजेनला निम्म्या गोष्टी खऱ्या वाटत नव्हत्या.

मग व्हर्ननची पाळी आली. डावा हात थरथरतो म्हणून तो उजव्या हाताने धरून बसला होता. “मला स्वतःला आठवत नाही हं, बाई,” अशी त्याची नेहमीची सुरुवात झाली, आणि मग पाऊस, गल्ली, विटा, ‘पोरांनो, पळा’. छान सांगतो तो. आमच्या लोकांनी गाणं म्हटलं. मॉसगेटवाल्यांनीही ताल धरला.

इमोजेनने विचारलं, “तिथे एकटं उभं राहताना काय वाटत असेल तुम्हाला?”

हा प्रश्न पबमध्ये कोणी विचारत नाही.

“बाई, तेच मी स्वतःला विचारत आलोय. मी घरी शब्द देऊन निघालो होतो. तो दिलेला मला आठवतो, चांगला आठवतो. मग थांबलो कशाला? मी असा माणूस आहे हे मलाच माहीत नव्हतं. पण थांबलो म्हणतात. त्यात माझा संसार गेला.”

तेव्हा मॉसगेटच्या बाजूने एक बारीकसा म्हातारा उभा राहिला. कानात यंत्र, अंगात इस्त्रीचा सदरा. त्याच्याबरोबर त्याची शाळकरी नात होती. त्याने नाव सांगितलं, डेझ हॉजकिस.

“मी त्या गल्लीत होतो. हा माणूस उभा होता. आमच्या बारा जणांसमोर एकटा. असा गडी आम्ही पुन्हा पाहिला नाही.”

टाळ्या पडल्या. तो खोलीच्या मधून चालत आला आणि त्याने व्हर्ननचा हात हातात घेतला. तो चेहरा मी ओळखला होता. एवढ्या सुरकुत्यांतूनही.

चहाच्या टेबलाशी तो माझ्याकडे आला. साखर ढवळत, खालच्या आवाजात म्हणाला, “तू तो वळून बघणारा ना?”

“तुम्ही खोटं का बोललात?” मी विचारलं.

“तू का बोललास? गाणं काही आम्ही रचलं नाही.” त्याने नातीकडे नजर टाकली. ती व्हर्ननबरोबर फोटो काढून घेत होती. “पडलेल्या माणसाला आम्ही बारा जणांनी तुडवलं, हे त्या पोरीसमोर सांगू? तुमचं गाणं ऐकलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं, मित्रा. उभ्या माणसाला मारलं म्हटलं की निदान मारामारी झाली म्हणता येतं.”

तो जायला वळला आणि पुन्हा थांबला.

“एक सांगतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तो खाली होता ना, तेव्हा त्याने दोन्ही हात वर केले होते, उघडे. म्हणत होता, ‘मी मारणार नाही, मी घरी शब्द दिलाय.’ दोनदा म्हणाला. आम्ही हसलो. मी सगळ्यात मोठ्याने हसलो.”

त्याचा चहा सांडून बशीत आला होता. त्याने तो तसाच ठेवला आणि नातीला हाक मारली.

परतीच्या बसमध्ये व्हर्नन खिडकीशी बसला, मी त्याच्या शेजारी. बाकीचे मागे गात होते. बोगद्यावरचा डोंगर चढेपर्यंत तो काचेबाहेर बघत राहिला. मला वाटलं सुखात असेल. मग म्हणाला, “नेव्ह, तुला एक सांगू? हसशील.”

“नाही हसत.”

“आजवर मनात एक कोपरा होता. वाटायचं, तुम्ही पोरांनी तिखटमीठ लावलं असेल. कदाचित मी घसरलो असेन, कदाचित मला गाठलं असेल. कोणाला बोललो नाही, पण कधी झोप लागली नाही की तो कोपरा धरून बसायचो. आज शत्रूनेच सांगितलं.” त्याने थरथरता हात मांडीखाली दाबला. “म्हणजे बेरिलचं बरोबर होतं. संपलं.”

मागे गाणं चाललं होतं. भिंत नाही हलली. हार्ल्बीची पहिली घरं दिसायला लागली. रुळांच्या कडेला पालिकेने भाजीपाल्यासाठी भाड्याने दिलेले वाफे आहेत. तिथे बेरिल दर शनिवारी असते. मी उठून घंटी वाजवली.

“आपला थांबा पुढे आहे,” व्हर्नन म्हणाला.

“उतर.”

“इथे? इथे तर ती असते. वेडा झालास का? फावडं घालेल डोक्यात. आधीच फुटलंय ते.”

“उतर रे. एकदा माझं ऐक.”

तो का उतरला कोण जाणे. मी सख्खा मेहुणा, आणि त्याला भांडण आवडत नाही, आवडलंच नव्हतं कधी. पाऊस नुकता थांबला होता, वाट चिखलाची होती. तो हळू चालतो, मी त्याच्या कोपराला धरलं. फाटक ढकलून आत गेलो तेव्हा चार वाजले असतील, सप्टेंबरचं स्वच्छ ऊन पडलेलं. बेरिल गुडघ्यांवर बसून बटाटे काढत होती. डोकं वर करून तिने आम्हाला पाहिलं. आम्हा दोघांना एकत्र.

“कोण मेलं?” तिने विचारलं.

“कोणी नाही,” मी म्हणालो.

“मग याला कशाला आणलंस?”

“मीही हेच विचारतोय,” व्हर्नन म्हणाला आणि टोपी काढून हातात धरून उभा राहिला. तिने हातातला बटाटा बादलीत टाकला आणि कंबरेवर हात देऊन उठली. तिला हात द्यायला मी पुढे झालो नाही, कारण मग नुसतीच मदत केली असती आणि पुन्हा वेळ गेली असती.

“बेरिल, त्या दिवशी व्हर्नन थांबला नव्हता.”

दोघं माझ्याकडे बघायला लागली.

“त्याचा बूट निघाला आणि तो पडला. उभा राहिलाच नाही. खाली होता, हात वर केलेले. आज मॉसगेटचा एक माणूस भेटला, मारणाऱ्यांतला. तिथे सगळ्यांसमोर खोटं बोलला, पण मला बाजूला घेऊन खरं सांगितलं. हा खाली पडून म्हणत होता, मी मारणार नाही, घरी शब्द दिलाय. दोनदा म्हणाला. त्याने शब्द मोडला नाही, बेरिल. कधीच मोडला नाही. दवाखान्यात तुला जे सांगितलं ते मी जुळवलेलं होतं.”

व्हर्ननच्या हातातली टोपी चिखलात पडली. कोणी उचलली नाही. रुळांवरून एक मालगाडी गेली, लांबलचक, आणि ती संपेपर्यंत बेरिल माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिचा चेहरा दवाखान्याच्या बाकावर होता तसा नव्हता. वय झालंय तिचं. माझंही.

“आणि तू?” ती म्हणाली. “तू कुठे होतास?”

“तीस पावलांवर,” मी म्हणालो. “त्याने मला नावाने हाक मारली. मी ऐकली, वळून पाहिलं, तो खाली होता. आणि मी पळालो.”